हातचा राखलेला घोट

मी एक जुनी, छोटी मोटार आहे. मित्रांनो, माझा पत्ता जरा विचित्र आहे. मी तळ्याच्या तळाशी राहते. हिवाळ्यात तुम्ही माझ्या डोक्यावर बर्फावरून घसरत असता, तेव्हा तुमच्या बुटांखालच्या पात्यांची करकर मला खाली ऐकू येते. कुणी आपटलं तर तेही कळतं. घाबरू नका, मी कुणाचा पाय धरत नाही. एखादं पोर पालथं पडून बर्फाला कान लावतं, तेव्हा मी त्याला माझी हकीकत सांगते, एवढंच.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यात झाला. तो काळ लांबलचक गाड्यांचा होता. त्यांच्या शेपटांना पर फुटलेले असत, आणि वळायला निघाल्या की त्या अख्खा चौक अडवत. मी मात्र आखूड, गोलसर, साध्या हिरव्या रंगाची. माझा हॉर्न बसवणाऱ्या कामगाराने तो दाबून पाहिला आणि म्हणाला, "आवाज तेवढा मोठा आहे बाईचा!" सगळे हसले. तो माझा पहिला शब्द होता, आणि शेवटचाही तोच ठरला. पण ते पुढे येईल.

दुकानात लोक माझ्याजवळ येऊन नाकं मुरडायचे. मग एके दिवशी रैनो कांगस आला. उत्तर मिशिगनच्या लोखंडाच्या खाणीत काम करणारा, फिनलंडहून आलेल्या आईबापांचा मुलगा, हाडाचा काटकसरी. त्याने माझा रंग पाहिला नाही, बैठक पाहिली नाही. विचारलं एकच, "ही पिते किती?"

विक्रेता म्हणाला, "पाखराएवढं."

रैनोने मला घरी नेलं, ते याच तळ्याकाठी.

माझी डावी सीट रैनोची, सुकाणू धरायची. उजवी त्याच्या बायकोची, सिल्वीची. मागे त्यांची लेक मार्लीन. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही रैनोच्या भावाकडे जायचो. तिथे सॉना, म्हणजे फिनिश लोकांची वाफेची खोली, तापलेली असे. घाम गाळायचा, मग कॉफी आणि सिल्वीच्या हातचा वेलदोड्याचा गोड पाव. निघायच्या वेळी रैनो सगळ्यांच्या आधी माझ्यात येऊन बसे आणि हॉर्नवर हात ठेवून देई, तो उचलतच नसे. घरातून सिल्वीचा आवाज येई, "आले रे, आले! जरा दम धर, बूट तरी घालू दे!" तो ऐकू आल्यावरच तो हात काढी. वर्षानुवर्षं हेच चाललं. मला वाटतं, दोघांनाही ते आवडायचं.

रैनोला एक खोड होती. पेट्रोलचा काटा तळाला टेकला तरी तो मला दामटत राही. मी किती लांब जाते, हे पाहण्यात त्याला पोरांसारखी मजा वाटे. सिल्वी चिडायची. "एक दिवस रानात बसवून ठेवशील आम्हाला. अस्वलांना पाव वाटत बसू मग!" रैनो माझ्या डॅशबोर्डच्या पट्टीवर दोनदा थोपटायचा आणि म्हणायचा, "अजून एक घोट आहे हिच्यात." आणि असायचा. मी हातचं राखून असायची. त्याचा मला गर्वच होता म्हणा ना.

एका हिवाळ्यात मार्लीनच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. ती तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. दुपार होती, पण बर्फाच्या वादळाने आभाळ आणि रस्ता एकच झाला होता. रैनोने तिला ब्लँकेटसकट माझ्यात टाकलं आणि तो इस्पितळाकडे निघाला. अर्ध्या वाटेत सिल्वीची नजर काट्याकडे गेली.

"रैनो, पेट्रोल नाहीये."

आदल्या दिवशीच तो माझ्याशी त्याचा खेळ खेळला होता, आणि पेट्रोल भरायचं विसरला होता.

"तुझा खेळ माझ्या पोरीच्या जिवावर उठलाय," सिल्वी म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रैनोने पट्टीवर दोनदा थोपटलं. आम्ही पोचलो. पोरीचं ऑपरेशन झालं, ती वाचली. दुसऱ्या दिवशी तिथल्या पंपावरच्या माणसाने माझ्या टाकीत बारीक काठी घालून पाहिली. काठी वर आली ती कोरडी ठणठणीत. तिला थोडी गंजाची भुकटी लागली होती.

"मग ही इथवर आली कशावर?" त्याने विचारलं.

रैनो हसला नाही. खरं सांगते मित्रांनो, मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली. त्यानंतर रैनोने तो खेळ कायमचा बंद केला.

पुढे तेलाची टंचाई आली. पंपांवर रांगा लागल्या. पर फुटलेल्या त्या जहाजांसारख्या गाड्या रस्त्याकडेला आ वासून उभ्या राहू लागल्या. ज्यांनी मला खेळणं म्हटलं होतं, ते आता रैनोला म्हणायचे, "जाताना आम्हालाही घे ना बाबा." तासन्‌तास रांगेत उभा राहून रैनो घरी आला की सिल्वी दारातच विचारी, "मिळालं का?" गावच्या वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला. ते माझे सुखाचे दिवस.

मग खाणीच्या धुळीने रैनोची छाती धरली. शेवटच्या शरद ऋतूत त्याने मला घरामागच्या शेडमध्ये उभं केलं, पट्टीवर दोनदा थोपटलं, आणि तो धापा टाकत घरात गेला. तो परत आला नाही.

सिल्वीला मोटार चालवता येत नव्हती. ती नुसती येऊन बसायची. उजव्या सीटवर, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला पाव घेऊन. डाव्या सीटवर तिने कधी साधी पिशवीसुद्धा ठेवली नाही. ती रैनोशी बोलायची. मित्रांनो, आता जे सांगते त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. ती बोलायला लागली की माझ्या डाव्या सीटच्या स्प्रिंगा दबायच्या. हळूच, एखादा थकलेला माणूस टेकावा तशा.

वर्षं गेली. सिल्वी दिवस विसरू लागली, चुलीवरचं भांडं विसरू लागली, आणि मार्लीन शहरातली नोकरी सोडून तिच्यापाशी राहायला आली. एका जानेवारीत तिला आई शेडमध्ये सापडली.

"आई, ऊठ इथून. ओठ निळे पडलेत तुझे."

"थांब गं. तुझे बाबा येतायत."

"बाबा गेले, आई. आपण दोघींनी पुरलंय त्यांना."

"ते मला ठाऊक आहे. मी काय वेडी आहे?" सिल्वी म्हणाली. "पण यायला काय हरकत आहे?"

मार्लीन माझ्या दाराला टेकून रडली. आणि त्याच आठवड्यात तिने मला देऊन टाकलं.

आमच्या गावात तेव्हा एक चाल होती. दर फेब्रुवारीत एक भंगार मोटार तळ्यावरच्या जाड बर्फावर नेऊन उभी करायची. वसंतात बर्फ फुटून ती कधी बुडेल, यावर गावाने अंदाज बांधायचे. मोटारीवर घड्याळ बांधलेलं असे; ती बुडाली की ते थांबे. ज्याचा अंदाज जवळचा त्याला बक्षीस, आणि उरलेला पैसा आगीच्या बंबासाठी. सगळ्या गावाची करमणूक व्हायची.

बंबवाल्यांचा प्रमुख डेल सोबचाक मला न्यायला आला. "मार्लीन, नक्की ना? रैनोची गाडी आहे ही."

"ने बाबा. ही शेड एखाद्या हिवाळ्यात आईला गिळेल. गाडी गेली की ती घरात तरी बसेल."

तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मायेनेच केलं तिने. पण कांगसांच्या स्वयंपाकघराची खिडकी तळ्याकडे उघडते, हे तिच्या लक्षात आलं नाही.

डेलने माझं इंजिन काढलं, टाकी काढली, बॅटरी काढली, पाणी खराब होऊ नये म्हणून. दारावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला. मला बर्फाच्या मध्यावर उभं केलं, आणि बुडाल्यावर ओढून काढता यावं म्हणून कमरेला लोखंडी दोर बांधून त्याचं दुसरं टोक काठावरच्या झाडाला अडकवलं.

तिथे मी एकटी उभी राहिले. बर्फ बोलतो, हे तुम्हाला माहीत असेल. तो कण्हतो, लांबवर तडकतो, मग गप्प होतो. पण त्या आवाजांच्या खाली आणखी एक आवाज होता. टक. टक. टक. कुणीतरी खालून वाजवत होतं. पूर्वीच्या काळी मोटारी ओढून काढत नसत, तिथेच सोडून देत. त्या सगळ्या माझ्या खाली उभ्या होत्या.

"ये," त्या म्हणायच्या. "इथे थंडी वाजत नाही. येताना काही प्यायला आण. कितीतरी दिवसांत घोटभर मिळालेलं नाही."

एप्रिल आला. बर्फ राखाडी झाला, भुसभुशीत झाला. मासे धरणारे लोकसुद्धा वर पाय ठेवीनात. आणि एका सकाळी धुकं इतकं दाट उतरलं की मला माझं बॉनेट दिसेना. त्या धुक्यात पावलं वाजली. कुणीतरी घरातल्या मऊ चपला घालून चालत होतं.

सिल्वीने उजवं दार उघडलं आणि ती आत बसली. अंगात रैनोचं लोकरी जाकीट, मांडीवर पाव.

"इथे येऊन थांबलास होय!" ती म्हणाली. "मी खिडकीतून रोज बघतेय." मग तिने रिकाम्या सीटकडे पाहिलं. "अजून आला नाही वाटतं. पेट्रोल आणायला गेला असेल. रांग मोठी असणार."

माझ्या चाकांखाली पाणी आलं होतं. बर्फ एकदा खोलवर कण्हला आणि मी एका बाजूला कलले. सिल्वीच्या ते गावीही नव्हतं. ती पावाचा तुकडा मोडून चघळत बसली. खालच्या सगळ्या एकदम वाजवू लागल्या. "दोघी या. दोघी या."

मला ती हवी होती, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. एकटीने बुडायची मला फार भीती वाटत होती. तिने तिथेच बसून राहावं, पाव खात, बोलत, असं क्षणभर मला अगदी मनापासून वाटलं.

तेव्हा डावी सीट दबली. आणि माझ्या पट्टीवर कुणीतरी दोनदा थोपटलं.

मी माझ्यात शोधलं. इंजिन नव्हतं. टाकी नव्हती. बॅटरीच्या जागी बर्फाचं पाणी साचलं होतं. तरी कुठेतरी, अगदी तळाशी, एक घोट होता. तो कुठून आला, ते त्या वादळातही मला कळलं नव्हतं आणि तेव्हाही कळलं नाही. मी तो सगळाच्या सगळा हॉर्नला दिला.

पुढचं मला नंतर समजलं. बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसणारे तेच पुन्हा पुन्हा बोलतात. मार्लीन काठावर आईला हाका मारत धावत होती. डेल आणि त्याची माणसं सपाट तळाची नाव घेऊन आली होती, पण धुक्यात जायचं कुठे ते कळत नव्हतं. तेवढ्यात हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला.

"बाबांची गाडी," मार्लीन म्हणाली.

डेलचा चेहरा पांढरा पडला. "शक्य नाही. बॅटरी मी माझ्या हाताने काढलीय."

पण त्यांनी आवाजाचा माग धरला. नाव बर्फावरून ढकलत, पुढे शिडी आडवी टाकत ते आले.

आता ऐका. काठावरच्या लोकांनी तो आवाज तळ्यातून ऐकला. पण काठावर दाट झाडी आहे, ती प्रत्येक आवाज परत पाठवते. सिल्वीने तो काठाकडून ऐकला. तिचं तोंड एकदम उजळलं. "बघ, लागला वाजवायला! याला जरा धीर म्हणून नाही!" तिने पाव फडक्यात गुंडाळून आपल्या सीटवर ठेवला, दार उघडलं, आणि धुक्याकडे तोंड करून ती ओरडली, "आले रे, आले!"

मोजकीच पावलं ती चालली असेल. शिडीवर पालथ्या पडलेल्या मार्लीनने तिचा घोटा धरला, मग हात, मग सगळीच्या सगळी तिला नावेत ओढली. ते "आले, आले" ऐकू आल्यावर माझा हॉर्न थांबला. मग बर्फ फुटला.

त्यांनी दुपारी दोर ओढला तेव्हा तो हलका आला. टोकाचा लोखंडी हूक जसाच्या तसा बंद होता, आणि त्यात काही नव्हतं. डेलने तो बराच वेळ हातात धरून पाहिला. त्यानंतर आमच्या गावाने बर्फावर मोटार ठेवली नाही.

सिल्वी आणखी काही वर्षं जगली आणि आपल्या बिछान्यात, मार्लीनचा हात धरून गेली. मी तिथे नव्हते. पण ती गेली त्या वसंतात माझं उजवं दार पाण्यात हळूच उघडलं आणि मिटलं. वेलदोड्याचा वास आला. तेव्हापासून माझ्या दोन्ही सीटा दबलेल्या आहेत.

मित्रांनो, माझं मागणं लहानसं आहे. तुमच्या घरामागे एखादी जुनी, निरुपयोगी वस्तू पडलेली असेल. ती जरूर टाका. सगळंच काही सांभाळता येत नाही. पण टाकण्याआधी तिच्यापाशी कोण येऊन बसतं, ते एकदा पाहा. आणि त्या माणसाला विचारा, की तू इथे का बसतोस.

आता वरून घरी जा. एप्रिल जवळ आलाय, बर्फ पातळ होतोय. दर वर्षी तो फुटायच्या आधी तळ्यातून हॉर्न ऐकू येतो, असं लोक सांगतात, आणि तो वाजला की पोरं काठाकडे पळतात. लोकांना वाटतं, मी वाजवते. पण मी माझा घोट केव्हाच संपवला. दर वेळी माझी डावी सीट किंचित हलते, पट्टीवर दोनदा थोपटल्यासारखं होतं, आणि टाकी नसली तरी माझा पेट्रोलचा काटा तळापासून जरासा वर उचलला जातो.