दोन भिंतींमधली मी

मी एक जुनी, कोणाचीच नसलेली जमिनीची पट्टी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! मोठमोठ्या देशांच्या मध्येही माझ्यासारख्या पट्ट्या असतात. दोन्ही बाजूंच्या फौजा मागे सरकतात आणि मधली जमीन ना धड याची, ना धड त्याची अशी उरते. माझ्या वाट्याला फौजा नव्हे, दोन सख्खे भाऊ आले. थोरला शिंपी, धाकटा सुतार.

वडील गेल्यावर अंगणाची वाटणी झाली. मोजणीदाराने चुन्याची रेघ मारली, ती तिरकी गेली म्हणून शेजारी दुसरी मारली, आणि दोन रेघांच्या मध्ये मी उरले. थोरला फणकारला, "तूच घे ती! मला नको तुझं उष्टं."

"नको दादा, तूच घे. उद्या जन्मभर ऐकवशील."

झालं! हट्टाला पेटून दोघांनीही आपापल्या भिंती मागे घेऊन बांधल्या. दुसऱ्याची जागा बळकावणारे पुष्कळ पाहिले, पण नको नको म्हणून भांडणारे हे दोघेच. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. मला लाभ झाला तो फुटक्या बादल्यांचा आणि चिंध्यांचा. माझ्यावर पाय ठेवणं म्हणजे हार मानणं, असा दोन्ही घरांचा नियमच होऊन बसला.

तो नियम फक्त आईने मोडला. ती महिनाभर इकडे, महिनाभर तिकडे राहायची. दुपारी मात्र माझ्याकडे येऊन बसायची. धाकट्याने तिला स्टूल करून दिलं. थोरल्याने, कोणाला न विचारता, त्यावर गादी शिवून दिली. ती म्हणायची, "इथे बसलं की मी दोघांचीही असते." तेव्हा मला माझा केवढा अभिमान वाटायचा!

एके दिवशी तिने दोन्ही खिडक्यांकडे बघून हाक मारली, "अरे, एकदा दोघंही इथे या रे. माझ्याजवळ बसा घटकाभर."

शिलाई मशीन थांबलं. "त्याला आधी येऊ दे."

रंधा थांबला. "दादा आला की येतोच."

दोघंही दारापर्यंत आले होते. मी पाहिलंय. उंबरा मात्र कोणीच ओलांडला नाही. आई संध्याकाळपर्यंत वाट बघत बसली. त्यानंतर ती तापाने अंथरुणाला खिळली आणि परत माझ्याकडे आलीच नाही.

तिला शेवटचा निरोप देऊन आल्यावर दोघंही आपापल्या दारातून माझ्यात उतरले. कोणी आधी, कोणी नंतर, ते कोणी पाहिलंसुद्धा नाही. मध्ये रिकामं स्टूल होतं. थोरल्याने ते धाकट्यापुढे सरकवलं.

"तू घे रे ते."

"नको दादा, तूच घे."

तेच शब्द! त्या दिवशी रागाने म्हटलेले, आज रडत म्हटलेले. शेवटी स्टूल कोणीच नेलं नाही. पावसाने त्याचे पाय कुजले, गादीतला कापूस पाखरांनी नेला. आता दोघं रोज संध्याकाळी माझ्यात येऊन बसतात, जमिनीवरच.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी पट्टी असेल. तिच्यात कोणी वाट बघत बसलं असेल, तर दुसरा येतो का ते बघत दारात उभे राहू नका. आजच जाऊन बसा. माझ्याकडे आता जागा भरपूर आहे, पण हाक मारणारी नाही.