एफ आठचा खेकडा

“लेखनिक म्हणजे फक्त हात. डोकं विद्यार्थ्याचं, हात तुमचे,” असं मला कॉलेजच्या ऑफिसात समजावून सांगितलं. मी खोलीवर येऊन ते योहानला सांगितलं, तर तो म्हणाला, “आणि माझे हात काय बैलाने खाल्ले?”

योहान माझा धाकटा भाऊ. बारावीत असताना त्याच्या डोळ्यांतला दाब वाढत गेला आणि आम्ही सुरतेच्या डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर नजर गेली ती गेलीच. नवापूरच्या आमच्या डोंगराकडच्या गावात सगळे म्हणाले, आता चर्चमध्ये पेटी वाजवील आणि बसेल घरी. पेटी तो छानच वाजवतो. पण त्याने हट्ट धरला कॉम्प्युटरचा, आणि आमच्या घरात हट्टाचा मक्ता तोवर माझ्याकडे होता. न दिसणारा पोरगा प्रोग्राम लिहिणार म्हटल्यावर मामा हसला. मी म्हटलं, “हसा, हसा. तेवढेच दात दिसतात तुमचे.” आणि शिवणयंत्र उचलून योहानसोबत लोणखेड्याला कॉलेजजवळ खोली घेतली. मी निर्मला, दहावी पास. लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो, त्यामुळे मी त्या नियमात अगदी चपखल बसले.

आदल्या वर्षीच्या परीक्षेला मीच लेखनिक होते. तो एकेक अक्षर सांगायचा, मी बटण दाबायचे. पास झाला. आम्ही खुशीत नळावर पाणी प्यायला गेलो, तर पलीकडे कोणीतरी म्हणालं, “बहीनच करी ऱ्हायनी सर्व. हाऊ नुसता बठेल शे.”

म्हणजे सगळं मीच करते आणि तो नुसता बसतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओंजळीतलं पाणी तसंच सोडून मी त्या पोराला झापायला निघाले, पण योहानने माझा दंड धरला.

“तो खोटं नाही बोलला, ताई. बघणाऱ्याला तसंच दिसतं. उद्या नोकरी लागली तर तिथंही डबा घेऊन माझ्या बाजूला बसशील का?”

त्याच नळावर त्याने ठरवून टाकलं की शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल तो स्वतःच्या हातांनी देणार. नाहीतर ती पदवी घरी आणणारच नाही. आणि योहान ठरवतो म्हणजे ठरवतो, तिथे देवाचीही मात्रा चालत नाही.

आता माउसचा बाण त्याच्या काय कामाचा? त्याला सगळं बटणांनीच करावं लागतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्याच्या पेनड्राइव्हमध्ये होतं. त्यातली बाई इतकं भरभर बोलायची की मला वाटायचं, ही कुणाशी तरी भांडतेय. खरी झटापट होती ती प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरशी. त्यात वरच्या मेनूत थोडेसे शॉर्टकट लिहिलेले असतात. बाकीचे कुठे दिसतच नाहीत. दोन-तीन बटणं एकदम दाबली तरच कळतं, अरेच्चा, हेही होतं की! लॅब सांभाळणारे नवनीत सर भला माणूस. कॉलेज सुटल्यावर ते आम्हाला बसू द्यायचे. योहान बटणं दाबून बघायचा आणि मी पडद्याकडे बघून सांगायचे, “हे दुमडलं. हे उघडलं. अरे मेल्या, सगळंच गेलं!” मग तो माझ्यावर खेकसायचा, मी त्याच्यावर.

इंग्रजी नावांची माझ्याकडे बोंब, म्हणून आम्ही प्रत्येक शॉर्टकटला घरचं नाव ठेवलं. कंसाच्या एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला उडी मारणारा तो ‘जावई’. लांबलचक भाग दुमडून ठेवणारी ती ‘गोधडी’. नुसतं कंट्रोल दाबलं की बोलणारी बाई गप्प होते, ते ‘पुरे गं’. आणि सगळ्यांत लाडका ‘खेकडा’, म्हणजे एफ आठ.

प्रोग्राममध्ये चूक झाली की तिच्याखाली लाल नागमोडी रेघ येते. मला ती दिसते, त्याला नाही, आणि बोलणारी बाईही तिच्याबद्दल आपणहून चकार शब्द काढत नाही. पण एफ आठ दाबलं की कर्सर नेमका त्या चुकीवर जाऊन पडतो आणि बाई चूक काय ते बोलते. हे सापडलं तेव्हा योहान खुर्चीतून उठून ओरडला, “खेकडा!” आमच्याकडे ओढ्यात खेकडे असेच धरतात. दगडाखालच्या बिळात हात घालायचा, आत दिसत काहीच नाही, बोटांनी चाचपायचं. योहान डोळे होते तेव्हाही डोळे मिटूनच धरायचा. मी काठावर श्वास रोखून उभी.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले, राजेंद्र सर. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे त्यांचा प्राण. टेबलावर त्यांनी चिठ्ठ्या पसरल्या होत्या. ज्याने जी उचलली, त्यातला प्रोग्राम त्याने करून दाखवायचा. योहानच्या हातातला पेनड्राइव्ह आणि इअरफोन बघून ते म्हणाले, “हे दोन्ही बाहेर. बाहेरचं सॉफ्टवेअर नाही, कानात काही नाही.”

“मग त्याला ऐकू कसं येणार?” मी विचारलं.

“म्हणून तर तुम्ही आहात ना. तो सांगेल, तुम्ही टाइप करा.”

माझं तोंड उघडणार तेवढ्यात योहान शांतपणे म्हणाला, “सर, बाहेरचं काही नको. कानातही नको. फक्त स्पीकर मिळेल का?”

परीक्षकांना यात नियमाविरुद्ध काही सापडेना. नवनीत सर धावत गेले आणि गॅदरिंगचा स्पीकर घेऊन आले. चांगला गुडघ्याएवढा! तो जोडला. योहानने कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही तीन बटणं एकदम दाबली, आणि कॉम्प्युटर बोलायला लागला. सगळी लॅब दचकली.

“हे कुठून आलं?” परीक्षकांनी विचारलं.

“सगळ्याच मशिनमध्ये असतं, सर. दाखवत नाहीत फक्त.”

“पण इतरांना त्रास होईल. आणि उत्तर ऐकू जाईल!”

त्याच्याच वर्गातली स्वप्नाली पुढच्या खुर्चीवरून वळून म्हणाली, “सर, बोलू द्या. आम्हाला यातलं एक अक्षर कळत नाहीये.” खरंच होतं. योहानने बाईचा वेग इतका वाढवला होता की नुसता मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा आवाज. परीक्षक ‘बरं’ म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “लेखनिक बाजूलाच बसतील. बोलायचं मात्र नाही.”

मी बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. योहानची बोटं चालायला लागली. पेटीवर चालतात तशीच, घाई नाही, अडखळणं नाही. मला प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नाही, पण मला त्याचा अभिमान वाटत होता. आणि मग दिसली. मधल्या एका ओळीच्या शेवटी लाल नागमोडी रेघ.

योहान पुढे लिहीत राहिला. एक ओळ, दुसरी ओळ. अरे, थांब ना! मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटत होता. पण मी सांगितलं तर झालंच, नळावरचा तो पोरगा खरा ठरला. मी जीभ दातांखाली धरली. आयुष्यात मी इतकी गप्प कधी बसले नसेन.

योहानची बोटं थबकली. त्याने मान किंचित माझ्याकडे वळवली आणि एफ आठ दाबलं. “एक्सपेक्टेड...” असं बाई काहीतरी बोलली. इतक्या महिन्यांत तो एक शब्द मला ओळखू यायला लागला होता. ती तो बोलली की समजायचं, खेकडा सापडला. योहानने एक बटण दाबलं आणि रेघ गेली. शेवटी प्रोग्राम चालवला, हवं ते उत्तर आलं. परीक्षकांनी दोन-चार प्रश्न विचारले, त्याने फटाफट उत्तरं दिली. “उत्तम,” असं म्हणून ते गुण लिहायला खाली वाकले.

मी त्याचा खांदा दाबला. म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

“सर, लिहू नका,” योहान म्हणाला. “हे माझं एकट्याचं नाहीये.”

मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

“मी काय केलं रे?” मी जवळजवळ ओरडलेच. “एक शब्द तरी बोलले का मी? सगळ्यांनी बघितलंय!”

“तू श्वास रोखलास, ताई. ओढ्यावर रोखायचीस तसा. मला कळलं की कुठेतरी चूक आहे.” मग तो परीक्षकांकडे तोंड करून म्हणाला, “सर, मला दुसरी चिठ्ठी द्या. आणि हिला बाहेर बसवा.”

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “हे बघ, श्वास घ्यायला काही बंदी नाही. तू पास आहेस. दुसरी चिठ्ठी घेतलीस तर पहिली रद्द. ती नाही जमली तर तू नापास. कळतंय का?”

“कळतंय, सर.”

मी त्याला चिमटा काढला. चांगला कचकचून काढला. आमच्या मावची बोलीत त्याला सांगितलं की गाढवा, हातातलं सोडू नकोस, घरी आई वाट बघतेय. नवनीत सरही म्हणाले, “योहान, राहू दे ना भाऊ.” तो नुसता हात पुढे करून उभा, चिठ्ठीसाठी. आणि मला कळलं की हा ऐकायचा नाही. माझाच भाऊ, कोणावर जाणार? मी चप्पल फरफटत बाहेर गेले. रडू येत होतं, रागही येत होता, आणि त्याच्याइतकं हट्टी आपल्याला होता येत नाही याचाही राग येत होता.

व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. खिडकी डोक्याच्या वर, त्यामुळे आतलं काही दिसेना. फक्त स्पीकर ऐकू येत होता. बाई बोलत होती, मग बटणांचा खडखडाट, मग पुन्हा बाई. मी कान टवकारून तेवढा एक शब्द शोधत होते. त्याला रोज हे असंच करावं लागतं, हे मला त्या भिंतीपाशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं त्याच्या बाजूला बसून नव्हतं कळलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडे पपईचा टेम्पो येऊन उभा राहिला, इंजिन चालूच. धडधड धडधड! आतलं एक अक्षर ऐकू येईना. मी उठून कुंपणाशी गेले आणि जीव तोडून ओरडले, “ओ दादा, बंद करा ते! आत परीक्षा चाललीय!”

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “कोनी परीक्षा शे?”

“माझी!” माझ्या तोंडून निघून गेलं. “बंद करा म्हणते ना!”

त्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं. माझ्या आवाजाचा तेवढा उपयोग झाला. मी परत खिडकीखाली आले आणि आतून बाई म्हणाली, “एक्सपेक्टेड...”

चूक. बटणांचा आवाज आला, थोडासा. शांतता. पुन्हा बटणं. पुन्हा बाईची बडबड, आणि पुन्हा “एक्सपेक्टेड”. देवा येशू, दोन झाल्या! आत कोणीच बोलत नव्हतं. मी प्रार्थना करायला लागले आणि मध्येच थांबले. कारण मला वाटलं, देवानेसुद्धा यात हात घालू नये. याला एकट्यालाच करू दे, बापा, तू पण जरा बाहेर बस. अशी प्रार्थना मी जन्मात केली नव्हती.

मग बाई बोलली, छोटंसंच. आणि गप्प झाली. कोणीतरी ‘पुरे गं’ दाबलं होतं.

दार उघडून परीक्षक बाहेर आले. मी धडपडत उठले. ते चष्मा पुसत होते, पुसतच राहिले.

“पास,” ते म्हणाले.

“आधीपेक्षा कमी पडले का गुण?”

“दोन कमी. वेळ जास्त लागला त्याला.”

“पण चुका? दोन झाल्या होत्या ना? मी ऐकल्या.”

“त्याच्या त्यानेच शोधल्या. आत कोणी जागचं हललं नाही.”

मी त्यांचा हातच धरला, दोन्ही हातांनी. एवढा मोठा माणूस, पण मला भानच नव्हतं. लॅबमधून बाहेर पडणारी पोरं थांबून बघायला लागली, नळावरची तीच पोरं, आणि ती बघताहेत म्हणून मी आवाज आणखी चढवला.

“सर, तेव्हा मी आत नव्हते. तुम्ही पाहिलंत ना? मी तिथे नव्हते! कोणीही विचारलं तर सांगा, त्याची बहीण आत नव्हती!”