मास्तरीणबाईंची गाडी

गल्लीत तिला सगळे 'चष्मेवाल्याची दुसरी' म्हणायचे. पहिलीला मात्र कोणी पहिली म्हणत नसे. ती मास्तरीणबाई. जाऊन कित्येक वर्षं झाली तरी मास्तरीणबाईच. आणि हिने गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी आखूड करून दिल्या, तुटलेल्या चेन बदलून दिल्या, तरी ही आपली दुसरी. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही.

बरं, आठवण भिंतीवरच्या फोटोत राहिली असती तर तिने चालवून घेतलं असतं. पण मास्तरीणबाईंची गाडी दारात उभी होती. जुनी, राखाडी, डिझेलवर चालणारी. सुरू होताना सगळी गल्ली जागी करायची. मास्तरीणबाई ती स्वतः चालवत शाळेत जायच्या, हे दुसरीला लग्नानंतर वेगवेगळ्या तोंडांनी इतक्या वेळा ऐकायला मिळालं होतं की तिला ते पाठ झालं होतं.

गाडीचा रेडिएटर गळका होता. रोज सकाळी उठलं की चष्मेवाला आधी पाण्याचा जग भरून गाडीला पाजायचा, मग स्वतः चहा प्यायचा, आणि त्यानंतर कधीतरी त्याला बायकोची आठवण व्हायची. दुसरी खिडकीतून गाडीखालचं थारोळं बघायची. ते दिवसेंदिवस मोठं होत होतं. तिला त्याचा आनंद व्हायचा, आणि आनंद होतो याची लाजही वाटायची, पण आनंद जरा जास्त. कारण लग्नाच्या पहिल्याच महिन्यात नवऱ्याने शब्द दिला होता, "हा रेडिएटर गेला की गाडी भंगारात देऊन टाकू."

एके दिवशी रेडिएटर गेला. भर रस्त्यात वाफ आली आणि गाडी दोरी बांधून घरी ओढत आणावी लागली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून दुसरीने त्या दिवशी नवऱ्याच्या चहात सढळ हाताने साखर घातली. आणि त्याच आठवड्यात दारात एक चपटं खोकं आलं. आत नवा कोरा रेडिएटर.

"अगं, इंजिन अजून उत्तम आहे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"असू दे की. मी कुठे काय म्हणतेय?" ती म्हणाली, आणि दिवसभर शिवणयंत्र असं काही चालवलं की दोन सुया मोडल्या.

सुट्टीच्या दिवशी शेजारचे गॅरेजवाले काका अवजारांची पेटी घेऊन आले. खालची नळी सोडून त्यांनी उरलंसुरलं पाणी घमेल्यात काढलं, पुढचा पंखा सोडवला, जुना रेडिएटर वर उचलला. त्याच्या जाळीत मेलेले किडे आणि चिखल गच्च बसला होता. चष्मेवाला मदतीला होता, म्हणजे निघालेला प्रत्येक स्क्रू आणि वायरीचं प्रत्येक टोक भिंग पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवत होता. दुकानात भिंगं ठेवायची तशी.

"अहो, हे काय बारसं चाललंय का?" काका वैतागले. पण त्याने ऐकलं नाही. मास्तरीणबाईंच्या गाडीला ओरखडा कसा पडू द्यायचा!

नवा रेडिएटर जागेवर बसला, आणि घोड्याने पेंड खाल्ली ती खालची नळी आवळायच्या पट्टीपाशी. काकांचा पंजा तिथवर जाईना. चष्मेवाल्याचा हात गेला, पण जोर लागेना.

"मास्तरीणबाई असत्या ना," काका घाम पुसत म्हणाले, "तर त्यांचा हात बरोबर गेला असता."

दुसरी उंबऱ्यात बसून कुणाचा तरी सदरा उसवत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, बांगड्या वर सारल्या आणि काकांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला. कोपरापर्यंत हात आत घातला, पत्र्याने मनगट खरचटलं तरी काढला नाही, आणि चाचपडत पट्टी पक्की आवळली.

"वा!" काका खूश झाले. "अगदी मास्तरीणबाईंसारखा हात हो!"

आता यावर माणसाने काय करावं?

पाणी आणि कूलंट भरून झाल्यावर काकांना घरून जेवायची हाक आली. जाताना त्यांनी बजावलं, "पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. एकाने आत बसून उष्णतेच्या काट्यावर लक्ष ठेवा. मधल्या रेघेच्या वर गेला की लगेच बंद. आणि टाकीवर वाकू नका."

अशी दुसरी त्या गाडीत पहिल्यांदा चालकाच्या जागेवर बसली. दाराच्या कप्प्यात खडूचे तुकडे होते. दुकानातल्या भिंगावर बोटाचा ठसा दिसला तरी अस्वस्थ होणाऱ्या माणसाने इतक्या वर्षांत हे चार तुकडे काढले नव्हते. ती स्वतःची कात्री जेवणाच्या टेबलावर विसरली तर तो तिला ऐकवायचा.

इंजिन धडधडत होतं. काटा हलला, मधल्या रेघेवर आला. थांबला नाही, वर सरकला.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

उकळू दे. तिला स्वच्छ एवढंच वाटलं. उकळू दे, इंजिन जाऊ दे, इथेच संपू दे हिचं. कोणाला कळणार होतं? मला काट्यातलं काय कळतंय, असं म्हटलं की झालं. दुसरी बायको अडाणी निघाली, एवढंच लोक म्हणाले असते, आणि तिला ते चाललं असतं. काटा लाल पट्ट्याकडे निघाला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

समोर उघडलेलं बॉनेट होतं, त्यामुळे नवरा दिसत नव्हता. फक्त खालच्या फटीतून त्याचा शर्ट दिसत होता. मग तिथे शर्टाची कॉलर आली. मग हनुवटी, मग चष्मा. बुडबुडे नीट दिसावेत म्हणून तो टाकीवर वाकत होता.

"अहो, मागे व्हा!" ती किंचाळली. "मागे व्हा आधी!" आणि तिने किल्ली फिरवली.

तो दचकून मागे झाला, आणि त्याच क्षणी उकळतं पाणी टाकीतून उसळून बॉनेटला आतून धडकलं. दोन थेंब त्याच्या मनगटावर पडले. बाकीचं सगळं जिथे त्याचा चेहरा होता तिथून खाली पडलं. ती धावत बाहेर आली.

वाफ ओसरल्यावर त्याला पंख्याच्या वायरीचं टोक दिसलं. पिवळ्या फडक्यात छान गुंडाळलेलं, जोडायचं राहून गेलेलं.

"माझीच चूक," तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला. "पंखा फिरलाच नाही. तुझा काय दोष? तुला बिचारीला काट्यातलं काय कळणार?"

सुटायला याहून सोपी वाट नव्हती.

"कळत होतं," ती म्हणाली. "काटा वर जाताना दिसला होता मला. कधीपासून बघत होते."

त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मग ओरडलीस कशाला?"

"तुम्ही वाकलात म्हणून."

तो पायरीवर बसला. मग सरकून त्याने तिला शेजारी जागा केली आणि विचारलं, "इतकं साचलंय?"

गाडी गार झाल्याशिवाय आता हात लावता येणार नव्हता. दुसरी बसली आणि बोलायला लागली. पाणी पाजण्यापासून सुरुवात केली, मग खडू, मग काकांचा 'अगदी मास्तरीणबाईंसारखा हात', मग स्वतःचं नाव, जे या घरात आल्यापासून कोणी घेतलं नव्हतं, त्यानेसुद्धा. काका जेवून, झोप काढून परत आले, त्यांनी बॉनेटखाली हात घालून पाहिलं आणि इंजिन गार झाल्याचं सांगितलं. तिचं अजून सांगून झालं नव्हतं.

"काका," चष्मेवाला म्हणाला, "तुम्ही उद्या या."