ही माय डॉटर

"शी," जागृती तिसऱ्यांदा म्हणाली. "बाई व्हयी त शी, मानूस व्हयी त ही."

धनुबाईंनी ठाम मान हलवली. "ही म्हनजे बाईमानूस. आन् शी त आपन घानले म्हनतस. मन्ही पोरले मी शी म्हनू?"

वर्गातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. वर्ग कसला, जागृतीच्या घराचा ओटा. कोरीट गावची ही पोरगी नंदुरबारच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाली आणि संध्याकाळी बचत गटातल्या बायकांना शिकवू लागली. कुणाला मोबाईलवरचे मेसेज वाचायचे होते, कुणाला नातवाचा अभ्यास घ्यायचा होता. पुरुषांनाही आमंत्रण होतं. पण आपलं इंग्रजी कच्चं असल्याचं बायकोसमोर उघडं पडण्यापेक्षा पारावर बसून वर्गाची टिंगल करणं त्यांना सोयीचं वाटलं. त्यात धनुबाईंचे यजमान भाईदास आघाडीवर होते.

धनुबाई मराठी चौथी शिकलेल्या. त्यांना इंग्रजी हवं होतं ते फक्त एका बाईसाठी. लेक रुपा आयर्लंडमध्ये नर्स होती. तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं, कचेरीत सह्या करून. घरातून कुणी आडकाठी केली नाही, पण त्या लग्नात एक गोष्ट राहून गेली. आपल्याकडे आई विहिणीला सांगते, पोर तुमच्या पदरात टाकली, सांभाळा. धनुबाईंना हे सांगायला विहीणच समोर नव्हती. आता ती, मार्गारेट, मुलासुनेबरोबर पहिल्यांदाच कोरीटला येणार होती.

"रुपा शे ना सांगाले," भाईदास म्हणाले. "तू कसाले शिकी ऱ्हायनी?"

"रुपानं दुखनं रुपा सांगी का?"

रुपा ताप अंगावर काढणारी पोर. जेवलीस का विचारलं की हो म्हणायची, आणि पुन्हा विचारलं की सकाळपासून उपाशी असल्याचं निघायचं. दुभाषी म्हणून तिला बसवलं असतं तर आईचं सगळं बोलणं गाळून तिनं 'वेलकम' एवढंच पुढे केलं असतं.

पदराला इंग्रजीत शब्द सापडेना. त्या लोकांत बाईला पदरच नसतो म्हटल्यावर जागृती तरी काय करणार! शेवटी 'नाऊ युवर डॉटर'वर तडजोड झाली. धनुबाई भांडी घासताना, निंदताना तेच घोकत राहिल्या. ही-शीच्या बाबतीत मात्र त्यांनी मास्तरणीचं काही चालू दिलं नाही.

मार्गारेट आल्या. उंचनिंच, पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. दारात जमलेल्या सगळ्यांना त्यांनी हात जोडले आणि त्या ओघात गोठ्यातल्या बैलालाही नमस्कार करून टाकला. तिथंच गावानं त्यांना पसंत केलं.

चहापाणी झाल्यावर धनुबाईंनी डोक्यावर पदर घेतला, रुपाचा हात धरून मार्गारेटच्या हातात दिला.

"ही माय डॉटर," त्या म्हणाल्या. "नाऊ ही युवर डॉटर. ही नो टेल पेन. यू आस्क टू टाइम."

रुपा लाजेनं लाल झाली. "माय, ही नही, शी," असं पुटपुटत ती भाषांतर करायला वळली, तर मार्गारेटनं दुसऱ्या हातानं तिला थांबवलं. मग धनुबाईंकडे बघत त्या सावकाश म्हणाल्या, "टू टाइम. ऑल्वेज."

जागृती धनुबाईंच्या ओट्यावरून बघत होती. व्याकरणाचा पार चुराडा झाला होता आणि तिचा आनंद मनात मावत नव्हता.

रात्री जेवणं बसली. धनुबाई चुलीवर ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी करत होत्या. रुपाच्या ताटात नुसतं भरीत उरलेलं त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी तव्यावरची भाकरी उचलली, तेवढ्यात मार्गारेटनं रुपाला विचारलं, "मोर?"

"नो, नो," रुपा म्हणाली.

पुढचा प्रश्न धनुबाईंच्या ओठांवर आला होता. जन्मभर तो त्यांनीच विचारलेला. त्यांनी तो गिळला. सोपं नव्हतं ते. मार्गारेटनं सुनेकडे जरा निरखून पाहिलं आणि पुन्हा विचारलं.

रुपानं ताट पुढे केलं.

धनुबाईंनी भाकरी विहिणीच्या हातात दिली आणि पुढची थापायला घेतली.