चार वर्षांचा वास

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. वारा घालणाऱ्या पंख्यांशी माझं फारसं जमत नाही. मी वारा ओढतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक काचेचं कपाट आहे, त्याच्या माथ्यावर मला बसवलं आहे. कपाटात घाण वासाचे प्रयोग करायचे आणि मी तो वास पाइपातून गच्चीवर फेकायचा, एवढंच माझं काम. मात्र माझी ही गोष्ट कामाची नाही, सुडाची आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणून सांगितलं.

एका पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने मला हाताने ठोकून घडवलं. त्याने पात्यांच्या कडा घासताना स्वतःचा अंगठा कापून घेतला आणि मला एक शिवी दिली. माझ्या आयुष्यातला तो पहिला आवाज. पुढे आवाजांची काही कमी पडली नाही. परीक्षानळ्यांची किणकिण, बर्नरची फुरफुर, गळक्या नळाची टपटप, घट्ट बसलेल्या बुचांची कुरकुर, आणि या सगळ्यावर माझी घरघर. वासही तसेच. एक डोळ्यांतून पाणी काढणारा, एक घशात कात्रीसारखा फिरणारा, आणि सगळ्यांचा राजा म्हणजे सडक्या अंड्यांचा.

मला बसवणारे थोरले सर मुलांना सांगायचे, "हा घरघरतोय तोवर कामाला लागा. गप्प झाला की बाहेर पळा." रोज सकाळी कपाटाच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरायची, ती आत ओढली गेली तरच प्रयोगांना सुरुवात, हा त्यांचा नियम. पट्टी धरायचं काम बाटल्या धुणाऱ्या मावशींचं. मावशी पट्टी धरायच्या आणि म्हणायच्या, "ओढ रे बाबा." मी ओढायचो. महिन्यातून एकदा त्या मला तेलाचे दोन थेंब द्यायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

थोरले सर गेले आणि नवे विभागप्रमुख आले. ते सारखे "शांतता!" म्हणून ओरडत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव शांतता सर ठेवलं. माझा पाइप त्यांच्या खोलीच्या छताच्या फळ्यांवरून जायचा. फोनवर बोलताना त्यांना माझी घरघर ऐकू यायची. त्यांनी फिटरला बोलावून पाइप मध्येच कापायला लावला.

"साहेब, तोंड तुमच्याच छतात उघडं राहिलंय," फिटर म्हणाला. "बाहेरून नवा पाइप वर न्यावा लागेल."

"मागवू. तोवर पंखा बंद."

ते 'तोवर' चार वर्षं चाललं. माझ्या बटणावर चिकटपट्टी लागली. तपासणीच्या कार्डावर मात्र दर महिन्याला सरांची सही पडायची, 'पंखा चालू, ओढ उत्तम.' प्रयोगशाळेत वास कोंडू लागला, मुलं खोकू लागली, पालकांच्या तक्रारी आल्या. सरांनी काय करावं? बाटल्या नीट धुतल्या जात नाहीत म्हणून मावशींना ताकिदीचं पत्र दिलं. मग दुसरं. तिसऱ्या पत्राला नोकरी जाणार होती, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. दुसरं पत्र घेऊन त्या माझ्या खाली येऊन बसल्या. रडल्या नाहीत. ओढण्याचं काम बंद पडलेल्या माझ्याकडे नुसतं बघत राहिल्या. मित्रांनो, त्या दिवशी मी डूख धरला.

मग एकदा बाहेरून तपासणीची समिती येणार असं ठरलं. सर सकाळीच धावत आले.

"मावशी, आज पंखा लावा. पाहुण्यांना वास यायला नको."

"साहेब, पण तो पाइप..."

"आज पाइपाचं पुराण नको! पूर्ण वेगात लावा."

"बरं, साहेब," मावशी म्हणाल्या. इतक्या गोड आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी चिकटपट्टी काढली, तेलाचे दोन थेंब दिले, पट्टी धरली आणि हळूच म्हणाल्या, "ओढ रे बाबा."

मी ओढलं! मुलांनी कपाटात सडक्या अंड्यांचा प्रयोग लावला होता. प्रयोगशाळेत त्याचा मागमूस नव्हता. समितीने वाहवा केली आणि मंडळी चहाला सरांच्या खोलीत गेली. मी चार वर्षांचा राग पात्यांत घेऊन फिरत होतो. पहिल्यांदा एका पाहुण्याने स्वतःच्या बुटाचा तळवा पाहिला. दुसऱ्याने बिस्किट हुंगून परत ठेवलं. मग सगळेच नाकाला रुमाल लावून दाराबाहेर आले.

"मावशी!" सर किंचाळले. "बाटल्या धुतल्या नाहीत तुम्ही! हे तिसरं पत्र समजा!"

"साहेब," मावशी म्हणाल्या, "बाटल्या तिकडे आहेत. वास इकडे येतोय."

समितीतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी आधी मला बंद करायला लावलं आणि खिडक्या उघडायला सांगितल्या. मग फिटरने शिडी लावून छताची फळी सरकवली. कापलेला पाइप आ वासून बसला होता. बाईंनी कार्ड मागवून वाचलं आणि चष्म्यावरून सरांकडे पाहिलं.

"ओढ उत्तम," त्या म्हणाल्या. "यात मात्र खोटं काही नाही हो."

मावशींची दोन्ही पत्रं तिथेच रद्द झाली. पंधरा दिवसांत माझा पाइप गच्चीवर गेला. आणि बाईंनी लेखी नियम घालून दिला, की रोज सकाळी पट्टी विभागप्रमुखांनी स्वतः धरायची, मावशींच्या समोर, आणि मावशी 'बरोबर' म्हणेपर्यंत हात खाली करायचा नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखा कोणी घरघरत असेल. त्याला तेल द्या, त्याच्या तोंडाशी पट्टी धरा, आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून त्याचा गळा कापू नका. मला आता कसलाच राग नाही, असं म्हणायला हवं. पण रोज सकाळी सर हात वर करून उभे राहतात, तेव्हा मी पट्टी लगेच ओढत नाही. जुना आहे ना, वेग घ्यायला जरा वेळ लागतो. मावशीही घाई करत नाहीत.