दुसरा भाग कुणीच पाहिला नाही

आमचे हे शिलाई मशीन दुरुस्त करतात. घरचा पंखा वर्षभर कुरकुरला तरी ह्यांना ऐकू येत नाही, पण परक्याच्या मशीनचा टाका चुकला की जेवण जात नाही. लेकीने ह्यांचे व्हिडिओ सोशल मीडियावर टाकले आणि बघता बघता हे 'मशीनकाका' झाले. मग काय, स्वारी हवेत! मला हाक मारायची तरी "नमस्कार मित्रांनो!"

लेक सांगून थकली, "बाबा, स्वतःचा व्हिडिओ ब्लॉग काढू. तिथे हवं तेवढं बोला."

"तिथे कोण येणार? माणसं इथे आहेत," हे म्हणायचे.

इथे मात्र मिनिटाच्या आत आटपावं लागे. लांब व्हिडिओ लोकांपर्यंत पोचतच नसत. ह्यांनी डोकं चालवलं. पहिल्या भागात मशीन खोलायचं, दुसऱ्यात जोडायचं. पहिला भाग हजारोंनी पाहिला. दुसरा त्या सोशल मीडियाने कुणाला दाखवलाच नाही.

संध्याकाळी व्हिडिओखाली प्रश्नांचा पाऊस. "काका, खोललं. आता?" "काका, स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली." एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, "परवा शाळेचे गणवेश द्यायचेत आणि मी मशीनचे तुकडे ताटात घेऊन बसलेय. फसवलंत मला."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. एकेकीला दुसऱ्या भागाचा पत्ता पाठवू लागले, तर तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवता म्हणून सोशल मीडियाने ह्यांना उत्तरं लिहायचीच बंदी केली. एवढी माणसं समोर आणि ह्यांना शब्द काढायची सोय नाही! मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. आयुष्यभरात ह्यांना 'फसवलंत' असं कुणी म्हटलं नव्हतं.

"काढ तुझा तो ब्लॉग," हे लेकीला म्हणाले.

त्याच रात्री खोलण्यापासून जोडण्यापर्यंत सगळं एका दमात दाखवलं. ह्यांचा ठसका आणि मधेच माझं "चहा निवतोय" हेसुद्धा त्यात आलं. खाली दुकानाचा फोन नंबर टाकला. आता हे लोकांना कळवायचं कसं? नवे व्हिडिओ टाकायला बंदी नव्हती. ह्यांनी पुठ्ठ्यावर ब्लॉगचा पत्ता लिहिला, गळ्यात अडकवला आणि बोललो तर मिनिट पुरणार नाही म्हणून कॅमेऱ्यासमोर नुसते बसून राहिले. इतका वेळ गप्प बसलेले हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला. ह्यांनी स्पीकर लावला. पलीकडून कुणी बोलेना, नुसती मशीनची खटखट. हे डोळे मिटून ऐकत राहिले.

"वरचा दोरा सैल आहे. ताणाचा स्क्रू थोडा आवळा."

खटखट थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"उद्या गणवेश द्यायचेत. आता?" त्या बाईंनी विचारलं.

"आता बसा गणवेशाला."

फोन ठेवून ह्यांनी हातातल्या तेलकट फडक्यानेच डोळे पुसले. गाल काळा झाला, तरी मी हसले नाही.