चढावर तुटलेला दाब

राजेश्वरीनं गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली आणि म्हणाली, "आयुबभाई, आज दोष सापडल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

गॅरेजवाल्या आयुबनं हात पुसले. राजेश्वरी म्हणजे ढोकी भागातली जनावरांची डॉक्टर. पंधरा दिवसांपूर्वी हीच डिझेल गाडी घेऊन ती आली होती. इंजिनाचा दिवा लागतो, मधेच पिकअप जातो, अशी तक्रार. आयुबनं स्कॅनर लावला, इंजिनात हवा दाबणाऱ्या टर्बोचा दाब कमी असल्याचा कोड दिसला, तो त्यानं पुसून टाकला आणि पाच मिनिटांत गाडी काढून दिली. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, कृष्णराजनं फोनवर विचारलं तेव्हा आयुब सांगून मोकळा झाला, "गाडी ओके हाय, सर. चालवणाऱ्यावर असतं."

चार दिवसांपूर्वी येडशीच्या रस्त्यावरच्या चढावर उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना गाडीची ताकद गेली. समोरून एसटी आली. राजेश्वरीनं गाडी उजव्या साइडपट्टीवरून खाली घातली म्हणून जीव वाचले. शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या, कस्तुराबाईंच्या कपाळाला मात्र तीन टाके पडले.

"घरात तुमचंच वाक्य ऐकवतात मला," ती म्हणाली. "मुक्या जनावराला बघूनसुद्धा मी चार प्रश्न विचारते. तुम्ही मला एक विचारला नाहीत."

आयुबनं किल्ली उचलली. त्यानं बॉनेट उघडलं. टर्बो किती हवा दाबणार हे एका सळईवर ठरतं, आणि ती सळई ओढते बारीक रबरी नळीतली हवेची ओढ, व्हॅक्यूम. त्यानं नळीला हातपंप लावला. सळई ओढली गेली, पंपाचा काटा चढून तिथंच थांबला. काही गळत नव्हतं. स्कॅनरवर पुन्हा तोच कोड होता.

"उभ्या गाडीत दोष दिसंना, मॅडम. तुमी चालवा. म्या शेजारी बसून आकडं बघतो."

तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले त्याला दिसले. त्या दिवसानंतर ती आज पहिल्यांदाच त्या चढाकडं निघाली होती.

स्कॅनरवर दोन रेघा होत्या. वरची इंजिनानं मागितलेल्या दाबाची, खालची टर्बोनं दिलेल्या दाबाची. रिकाम्या चढावर तिनं दोनदा पूर्ण पाय दिला. दोन्ही वेळा रेघा एकमेकींना धरून चढल्या. दोष निघालाच नाही तर या बाईला आयुब काय सांगणार होता?

"त्या दिवशी गाडी बंद पडली का कुठं?" त्यानं विचारलं.

"नाही. ट्रॅक्टरमागं अडकले होते. बराच वेळ, दुसऱ्या गेअरमधे."

आयुब सावरून बसला. "म्हंजी बॉनेटखाली उष्णता कोंडली. तसंच करायचं."

वळणानंतर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर सापडला. दहा मिनिटं ती त्याच्यामागं रांगत राहिली. उसाची पाचटं काचेवर येऊन पडत होती. मग सरळ रस्ता लागला. पार चढाच्या माथ्यापर्यंत समोर कोणी नव्हतं.

"जाऊ?"

"जावा. पण म्या म्हणलं की मागं या."

तिनं गाडी उजवीकडं काढली. आयुबनं तिच्या पायाकडं बघितलं. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला होता. वरची रेघ चढली. खालची निम्म्यावर गेली आणि धाडकन कोसळली. गाडी मागच्या ट्रॉलीच्या चाकाशेजारी रेंगाळली. त्याच क्षणी माथ्यावर ट्रकचं तोंड दिसलं.

"मागं!" आयुब ओरडला.

तो ओरडायच्या आधीच तिचा पाय ब्रेकवर गेला होता. ट्रॉली पुढं सरकली, गाडी तिच्यामागं आली आणि ट्रक हॉर्न मारत निघून गेला. आयुबचा शर्ट पाठीला चिकटला होता. बाईचं चुकलं नव्हतं. त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं.

गाडी कडेला लावून त्यानं तापल्या इंजिनावर हातपंप जोडला. सळई अर्धवट ओढली गेली आणि काटा भराभर खाली आला. त्यानं नळीवरनं बोट फिरवत नेलं. पार मागं, एका पत्र्याच्या क्लिपला नळी घासत होती, तिथं खालच्या अंगाला चीर लागली. बोट भाजलं तरी त्यानं काढलं नाही. थंड असताना मिटणारी ती चीर रबर तापून मऊ झाल्यावर उघडत होती.

त्यानं तेवढा तुकडा कापला, पितळी जोड घातला, क्लिप वाकवून दूर केली. आणखी एक ट्रॅक्टर गाठून पुन्हा तसंच रांगणं झालं. यावेळी रस्ता मोकळा झाल्यावर राजेश्वरीनं पाय दिला आणि गाडी ट्रॅक्टरला मागं टाकून माथ्यावर गेली. दोन्ही रेघा जोडीनं चढल्या होत्या.

"ही नळी कामचलाऊ हाय. उद्या नवी घालतो," आयुब म्हणाला. मग तिनं माथ्यावर गाडी थांबवल्यावर त्यानं स्वतःहून फोन काढला, स्पीकर चालू केला आणि कृष्णराजला लावला.

"सर, आयुब बोलतोय. दोष गाडीत होता. टर्बोची नळी फाटलेली. मॅडमचं काय बी चुकलं न्हाय. आत्ता त्यांच्या शेजारी बसून बघितलं म्या."

कृष्णराज म्हणाला, "मग त्या दिवशी तसं का सांगितलं?"

आयुबनं राजेश्वरीकडं बघितलं. ती समोरच्या रस्त्याकडं बघत होती.

"बघितलंच नव्हतं, सर. न बघता बोललो. तुमच्या आईंना बी सांगायला येतो म्या."

"या," कृष्णराज म्हणाला. मग हळू आवाजात बायकोला, "राजू, ऐकतेस का?"

"घरी आल्यावर बोलू," राजेश्वरी म्हणाली आणि तिनं गाडी गेअरमधे टाकली.